कापलेलं पत्र

गुरुवारी दुपारचं जेवण उरकून लेलंड कोटर नेहमीप्रमाणे रेडिओ स्टेशनवर निघाला. शनिवारचा कार्यक्रम गुरुवारीच नेऊन द्यायचा, हा त्याचा सहा वर्षांचा शिरस्ता. खिशात पेनड्राइव्ह, शेजारच्या सीटवर वेंडेलसाठी घेतलेला ॲपल पायचा तुकडा आणि ओठांवर शीळ. मक्याची काढणी ऐन भरात होती. एल्क फोर्ड गावाच्या दोन्ही अंगांना यंत्रं घरघरत होती आणि नेब्रास्काचं ते अफाट आभाळ भुशानं पिवळं पडलं होतं.

स्टेशन म्हणजे दोन खोल्यांची बैठी इमारत आणि मागे लोखंडी मनोरा. मालकही वेंडेल, निवेदकही वेंडेल, आणि झाडू मारायचा तर तोही वेंडेलच.

"कुठला आठवडा आणलास?" त्यानं पायचा कागद सोडत विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर सालचा. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा."

वेंडेलचा घास हातातच राहिला. "अरे, म्हणजे ऑरिनचा की काय?"

"ऑरिन म्हणतो तोच," लेलंड म्हणाला. "त्यात त्याचं काही नाही."

"तू ऐकलास पूर्ण?"

"मी ऐकल्याशिवाय काही देतो का कधी?"

हे मात्र खरं होतं. त्यानं तो कार्यक्रम पूर्ण ऐकला होता. तीनदा.

'सॅटरडे फॉर्टी' हा एके काळी अमेरिकेतल्या शेकडो स्टेशनांवरून लागणारा काउंटडाउन. आठवड्यातली चाळीस गाणी, चाळिसाव्यापासून पहिल्यापर्यंत, तीन तास. सांगणारा डेक्स हॅलोरन. त्याचा आवाज गरम दुधावर साय धरावी तसा दाट. मधूनमधून तो श्रोत्यांची पत्रं वाचायचा. कुणी दुरावलेल्या माणसासाठी गाणं मागितलेलं असायचं. त्या काळी हा कार्यक्रम तबकड्यांवर कोरून टपालानं स्टेशनांना यायचा आणि एकदा वाजवला की तबकड्या मोडून टाकायचा हुकूम असायचा. एकोणीस वर्षांचा लेलंड तेव्हा ह्याच स्टेशनवर तबकड्या लावायच्या कामाला होता. त्यानं एकही मोडली नाही. सगळ्या घरी नेल्या.

पुढे तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला लागला, लग्न झालं, मुलगी झाली, बायको डोना गेली, मुलगी ट्रेसी ओमाहाला स्थायिक झाली, तो निवृत्त झाला. पण तळघरातल्या तबकड्या जागच्या हलल्या नाहीत. वेंडेलनं जुने कार्यक्रम पुन्हा लावायचं ठरवलं तेव्हा लेलंडचं नशीब उघडलं म्हणा ना. देशभरातले शौकीन इंटरनेटवरून एल्क फोर्डचं स्टेशन ऐकू लागले. त्यांचा एक चर्चेचा कट्टा होता. कुठलं गाणं कितव्या नंबरावर होतं, पुनःप्रसारणात काय गाळलं, डेक्सला कुठल्या आठवड्यात सर्दी झाली होती, ह्यावर तिथे रात्रंदिवस खल चाले. आणि वादाच्या शेवटी कुणीतरी लिही, 'लेलंडला विचारा.' लेलंड सांगेल ती काळ्या दगडावरची रेघ.

ऑरिन टीग ह्या रेघेला नेमका आडवा गेला.

ऑरिन शहाऐंशी वर्षांचा. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, नखांतलं काळं तेल अजून गेलं नव्हतं. शनिवारी सकाळी मार्लिसच्या कॅफेत काउंटडाउन ऐकायला जी चार डोकी जमत, त्यांतलं एक त्याचं. तो फारसं बोलत नसे. पण वर्षातून दोनचारदा तरी सांगे, की अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात डेक्सनं त्याचं पत्र वाचलं होतं. त्याची सतरा वर्षांची पोर, रोझलिन, भांडून घर सोडून गेली होती. तिच्यासाठी. पत्र अमुक शनिवारी वाचणार असं कार्यक्रमाचं कार्डही आलं होतं. पण ऐन वेळी शेजाऱ्याचं कापणीयंत्र अडलं, ऑरिन त्याच्या पोटाखाली शिरला आणि बाहेर आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कार्ड पुढे पुरात गेलं. पोर परत आली नाही.

सहा वर्षांपूर्वी कुणीतरी कट्ट्यावर ह्याची खातरजमा मागितली, तेव्हा लेलंडनं तबकडी न काढताच लिहून टाकलं होतं, 'असं पत्र नाही. म्हातारबाचं वय झालं.' लोक हसले, विषय मिटला.

मग ह्या ऑगस्टमध्ये एक गंमत झाली. एक गाणं सतराव्या नंबरावर होतं असं लेलंड कॅफेत ठासून म्हणाला आणि ऑरिन खाली बघत पुटपुटला, "एकोणीस." स्टेशनला टपालानं आलेला गाण्यांचा जुना कागद काढला. एकोणीसच. ग्लेन, निवृत्त पोस्टमन, टेबल बडवत हसला, "देव चुकला रे, देव चुकला!" मार्लिस हसली. कट्ट्यावर तर आठवडाभर लोकांनी लेलंडला 'सतरा' म्हणून हाक मारली. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

आणि सप्टेंबरात, पुढचे कार्यक्रम संगणकावर उतरवताना, चौथ्या बाजूच्या मध्यावर त्याला ते पत्र सापडलं. नेब्रास्का, एल्क फोर्ड, ऑरिन टीग. डेक्सच्या तोंडून, जसंच्या तसं.

त्या आठवड्याची तबकडी देशात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पत्र पावणेदोन मिनिटांचं होतं. त्यानं ते अलगद कापून काढलं, दोन्ही टोकं जोडली, डेक्सच्या श्वासाला श्वास जुळवला. असा सांधा की सोनाराला दिसू नये.

*

शनिवारी लेलंड कॅफेत पोचला तेव्हा ऑरिन आधीच येऊन बसला होता. कुठला आठवडा लागणार, ते वेंडेलनं आदल्या दिवशीच रेडिओवर सांगितलं होतं. अंगात कोट, गळ्यात निळा टाय. केस पाणी लावून बसवलेले.

"लग्न कुणाचं?" ग्लेननं विचारलं.

"गप रे," मार्लिस म्हणाली. तिनं ऑरिनपुढे अंडी ठेवली, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

ऑरिननं अंड्यांना हात लावला नाही. भिंतीवरच्या फळीवरून रेडिओ बोलत होता आणि तो त्याच्याकडे मान वर करून बघत होता, जसं कुणी गाडीची वाट बघतं. तिसावं गाणं गेलं. विसावं गेलं. दर वेळी डेक्स थांबला की म्हाताऱ्याचा हात टेबलाची कड धरी, आणि गाणं सुरू झालं की सोडी.

"पत्र टपालातच अडकलं असेल," लेलंड म्हणाला. "ग्लेन, तूच होतास ना पोस्टात?"

"माझ्या पिशवीत बघतो," ग्लेन म्हणाला.

सगळे हसले. ऑरिनही थोडं हसला, हसायला हवं म्हणून.

तेरावं गाणं संपलं. लेलंडला ती जागा ठाऊक होती. डेक्सनं श्वास घेतला... आणि बारावं गाणं सुरू झालं. सांधा कळला नाही. लेलंडनं कॉफीचा घोट घेतला. खरं सांगायचं तर त्या घोटाची चव त्याला फार आवडली.

अकरा वाजता कार्यक्रम संपला. ऑरिन उठला, लेलंडच्या टेबलाशी आला.

"लेलंड, खरं सांग मला. तबकडीवर नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी समजत होतो, तिनं ऐकलं. ऐकूनही आली नाही." म्हातारा टायची गाठ चाचपत होता. "पंचेचाळीस वर्षं मी तिच्यावर रागावलो रे... आणि तिला बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं."

"घरी जाऊन पड जरा," लेलंड म्हणाला.

ऑरिन घरी गेला नाही. रोझलिन वायोमिंगमध्ये कुठेतरी असल्याचं कुणीतरी वीस वर्षांपूर्वी त्याला म्हणालं होतं. तेवढ्या पत्त्यावर तो आपला पिकअप घेऊन पश्चिमेला निघाला. मंगळवारी दुपारी, हमरस्त्याच्या कडेला, गाडीतच सापडला. गाडी नीट उभी केलेली, इंजिन बंद, टाय गळ्यात तसाच. रेडिओ तेवढा चालू होता.

दफनाला बावीस माणसं आली. लेलंडही गेला. त्यानं शवपेटी उचलायलाही हात लावला.

*

पुढच्या शनिवारी कॅफेत जरा शुकशुकाट होता. ऑरिनची खुर्ची कुणी घेतली नव्हती. एक्याऐंशी सालचा एक आठवडा लावलेला. लेलंडनंच उतरवलेला, मिनिटामिनिटाचा पाठ. त्यात पत्रं दोन, दोन्ही तिसऱ्या तासात.

दुसऱ्या तासात, तेरावं गाणं संपल्यावर, लगेच बारावं सुरू झालं. लेलंड बोटांनी ताल धरत होता. मग त्याच्या लक्षात आलं की काट्याचमच्यांचा आवाज थांबला आहे.

मार्लिस कॉफीचं भांडं हातात धरून जागच्या जागी उभी होती. ग्लेननं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती. कोपऱ्यातलं एक अनोळखी जोडपं, वाटेत नाश्त्याला थांबलेलं, तेही खाणं सोडून रेडिओकडे बघत होतं. गाणं चांगलं उडत्या चालीचं होतं. त्या गाण्यावर कुणी असं उभं राहत नाही.

मग सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. आणि एकेक करून ते लेलंडकडे बघू लागले.

"लेलंड..." मार्लिस म्हणाली. "मला कल्पना नव्हती रे."

"कशाची?"

ती ग्लेनकडे बघू लागली. ग्लेननं मान हलवली. "इथे नको," तो हळूच म्हणाला. "घरी जा तू."

"अरे पण झालं काय?"

"तुझंच नाव घेतलं त्यानं," ग्लेन म्हणाला. "दोनदा."

घड्याळात दहाला दोन कमी होते. तीन मिनिटांचं गाणं संपायला पाच मिनिटं लागली होती.

घरी येऊन त्यानं कट्टा उघडला. त्रेसष्ट निरोप. 'ते पत्र ऐकलंत?' 'हा लेलंड म्हणजे आपलाच लेलंड का?' 'माझ्यानं शेवटपर्यंत ऐकवलं नाही.' 'डेक्सचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.' लेलंडनं लिहिलं, 'कुठलं पत्र? काय होतं त्यात?' अर्ध्या तासानं केंटकीतल्या एका बाईनं लिहिलं, 'हे विचारायला तुम्हाला काहीच वाटत नाही?' आणि ती चर्चा बंद करण्यात आली.

लेलंड हसला. आपली कापाकापी उघडकीला आली, म्हणून सगळ्यांनी संगनमतानं हा डाव रचला, दुसरं काय! पण ते अनोळखी जोडपं त्याच्या डोक्यातून जाईना.

सोमवारी तो स्टेशनवर गेला. "वेंडेल, शनिवारी काय लावलंस?"

"तू दिलंस तेच." वेंडेल त्याच्या नजरेला नजर देत नव्हता.

"माझ्यासमोर लाव."

वेंडेलनं लावलं. तेरावं गाणं संपलं, बारावं सुरू झालं. लेलंडच्या कानांत नुसतं गाणं. आणि त्याच्यासमोर, टेबलापलीकडे, वेंडेलचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यानं तोंडावर हात धरला. शेवटी हात लांब करून त्यानं यंत्र बंद केलं.

"एकदा ऐकलं तेवढं पुरे होतं," तो म्हणाला. "पुन्हा नको लावायला लावू, लेलंड. तुझ्या पाया पडतो."

"मला ऐकू येत नाही रे! खरंच येत नाही! काय म्हणतो तो?"

वेंडेल त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तसंच म्हणेल तो, असंही होतं त्यात," वेंडेल म्हणाला.

मार्लिसला त्यानं फार गळ घातली, तेव्हा तिनं ऑर्डरच्या वहीवर सगळं लिहून दिलं. तीन पानं, पाठपोट. लेलंडनं ती पिकअपमध्ये बसून उघडली. अक्षर स्वच्छ होतं. प्रत्येक शब्द ओळखीचा. पण दुसऱ्या शब्दावर गेलं की पहिला निसटे. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत हातात काही उरत नसे, ओंजळीतून पाणी जावं तसं. तो बोट ठेवून, लहान पोरासारखा मोठ्यानं वाचू लागला. तोंडातून आवाज निघत होता, अर्थ नव्हता. फक्त इतकं कळलं की शेवटच्या पानावर 'पुढच्या शनिवारी' असं काहीतरी आहे, आणि ते लिहिताना मार्लिसचं पेन कागदातून आरपार गेलं आहे.

*

पुढच्या शनिवारी तो कॅफेत गेला नाही. घरी रेडिओही लावला नाही. दहा वाजता खिडकीतून बघितलं, तर समोरच्या घरातली बाई ओट्याशी उभी होती, भांड्यातला हात भांड्यात तसाच ठेवून.

साडेअकराला दारावरची घंटा वाजली. दारात तीच बाई, हातात चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं भांडं, वर फडकं बांधलेलं. गावात कुणी गेलं की जसं पोचतं करतात तसं.

"खाऊन घे काहीतरी," ती म्हणाली. "अशा वेळी भूक लागत नाही, ठाऊक आहे मला."

"कोण गेलं?"

तिचे डोळे भरून आले. तिनं त्याचा हात दाबला आणि ती मागे न बघता निघून गेली.

संध्याकाळपर्यंत नऊ भांडी आली. नूडल्स, घेवडा, डुकराचं मांस, दोन केक. सगळे हळू बोलत होते, पाय पुसून आत येत होते. चर्चचे पाद्रीही येऊन गेले. त्यांनी लेलंडच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "मुलीला कळवलं का?"

पाद्री जाताच लेलंडनं ट्रेसीला फोन लावला. ती दर रविवारी न चुकता फोन करणारी पोर. फोन बराच वेळ वाजला.

"डॅड," ती म्हणाली.

"ट्रेसी! बरी आहेस ना तू? सांग, बरी आहेस ना?"

"मी ऐकलं, डॅड. इंटरनेटवर. दोन्ही शनिवारी."

"बेटा, तू तरी सांग मला. तू खोटं बोलणार नाहीस. काय होतं त्यात?"

पलीकडे ती रडत होती की श्वास घेत होती, कळेना.

"आईला ठाऊक होतं का?" तिनं विचारलं.

"काय ठाऊक होतं?"

"मला वाटलं होतं, निदान हे विचारल्यावर तू गप्प बसशील," ती म्हणाली. "पुन्हा फोन करू नकोस."

त्यानं पुन्हा लावला. पुन्हा. मंगळवारपासून तो नंबरच लागेनासा झाला. बुधवारी तो गाडी काढून ओमाहाला गेला. ट्रेसीच्या घरात दिवे चालू होते. आतून नातवाचा आवाज आला, "मम्मा, तो आलाय," आणि दिवे बंद झाले. तो दीड तास पायरीवर बसला. आपण काय केलंय हे आठवू लागला. चौसष्ट वर्षं त्यानं खालीवर केली. बायकोला दोनदा मारलं होतं, ते आठवलं. भावाचा वाटा दाबला होता, तेही आठवलं. पण ज्यासाठी पोटची पोर दिवे मालवून घेईल, असं त्यात काय होतं? त्याला एकही गोष्ट सापडेना. आणि एकेक गोष्ट नीट निरखून बघितली की तीच असावी असंही वाटे.

*

गुरुवारी तो तळघरात उतरला. अठ्ठ्याहत्तरची ती तबकडी काढली आणि चौथी बाजू पुन्हा उतरवली, काही न कापता. वेंडेलपुढे जाऊन त्यानं सगळं कबूल केलं. हात जोडले.

"ऑरिनचं पत्र तबकडीवर होतं, वेंडेल. मी कापलं. मी हरामखोर आहे. ह्या शनिवारी एवढं लाव. सगळ्यांना ऐकू दे. मग ते थांबेल."

वेंडेलनं पेनड्राइव्ह घेतला. "लावतो," तो म्हणाला. "पण त्यानं काय होणार आहे आता?"

शनिवारी लेलंड कॅफेत गेला. दाढी केलेली नव्हती. तो खिडकीजवळच्या मोठ्या बाकावर एकटाच बसला. कॅफे भरलेला होता, गावातली निम्मी माणसं तरी असतील, पण त्या बाकाशी कुणी आलं नाही. मार्लिसनं न विचारता कॉफी आणून ठेवली.

"आज ऐका तुम्ही," लेलंड सगळ्यांना मोठ्यानं म्हणाला. "तेराव्यानंतर. ऑरिनचं पत्र आहे. खरं होतं त्याचं. मी खोटा."

ग्लेननं टोस्टची बशी पुढे ओढली.

तेरावं गाणं संपलं. डेक्सनं श्वास घेतला, आणि ते आलं. लख्ख, एकही शब्द न गळता.

'प्रिय डेक्स, मी ट्रॅक्टर दुरुस्त करतो, पत्रं लिहायची मला सवय नाही. माझी मुलगी रोझलिन सतरा वर्षांची आहे. जूनमध्ये ती उशिरा घरी आली म्हणून मी तिच्यावर हात टाकला आणि दाराला आतून कुलूप लावलं. सकाळी उघडलं तर ती नव्हती. ती कुठेही असली तरी शनिवारी तुमचा कार्यक्रम चुकवणार नाही. तिला सांगा, त्या दिवसापासून मी दाराला कुलूप लावलेलं नाही. तिला सांगा, मांजरीनं तिच्या पलंगाखाली चार पिल्लं घातली आहेत. मी ती हलवली नाहीत. मला रागावणं येतं, दुसरं बोलणं येत नाही, म्हणून तिच्यासाठी तुम्हीच एखादं गाणं निवडा. तुमचा, ऑरिन टीग.'

लेलंडच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "ऐकलंत?" तो उठून म्हणाला. "ऐकलंत ना?"

ग्लेन टोस्टला लोणी लावत होता. "काय?"

"पत्र! ऑरिनचं!"

"कसलं पत्र?" ग्लेन म्हणाला. "गाणं तर चालू आहे."

लेलंडनं मार्लिसकडे बघितलं. पलीकडच्या टेबलावरच्या माणसांकडे बघितलं. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. एक बाई पोराच्या तोंडाला लागलेला पाक पुसत होती.

"मांजरीची पिल्लं..." तो म्हणाला. "चार पिल्लं... पलंगाखाली..."

"बस खाली, लेलंड," मार्लिस म्हणाली. "सुरू होईल आता."

बारावं गाणं सुरू झालं. आणि कॅफेतले काटेचमचे एकेक करून खाली ठेवले गेले.

ह्या वेळी कुणी रडलं नाही. कुणी तोंडावर हात धरला नाही. सगळे माना खाली घालून ऐकत होते. सूचना ऐकतात तसे, नीट लक्ष देऊन. मधेच ग्लेननं मान डोलावली. पोराच्या आईनं पोराचा हात धरला. लेलंड कान ताणून बसला होता, आणि त्याच्या कानांत ते उडतं गाणं, त्यातली ती गिटार, पुन्हा तेच कडवं, पुन्हा तेच.

"ग्लेन," तो कुजबुजला. "देवासाठी सांग... काय सांगतोय तो?"

ग्लेननं ओठांवर बोट ठेवलं.

गाणं संपलं. त्याबरोबर कॅफेतल्या सगळ्या माना एकाच वेळी दाराकडे वळल्या. दार बंद होतं. काचेतून उन्हातला रिकामा रस्ता दिसत होता. दाराजवळच्या टेबलावरची माणसं उठली आणि वाट करून देत भिंतीला लागून उभी राहिली. पुरुषांनी टोप्या काढल्या.

मार्लिसनं फळीवरून कप काढले. ती ते लेलंडच्या टेबलावर मांडू लागली. त्याच्या समोर, त्याच्या शेजारी, टेबलाच्या दोन्ही अंगांना. लेलंड ते मोजत होता. ती अकरावर थांबली.

"मार्लिस... एवढे कोण आहेत?"

तिनं कॉफीचं भांडं उचललं, पहिल्या कपाशी वाकली आणि रिकाम्या बाकाकडे बघत अदबीनं विचारलं, "दूध घालू?" थोडं थांबली. मान हलवली. दुसऱ्या कपाकडे गेली.

लेलंडला उठायचं होतं. पण बाकाच्या त्या टोकाला कुणी बसलं की आपण आपोआप सरकतो, तसा तो भिंतीकडे सरकला. मग आणखी थोडा सरकला. मग खांदा भिंतीला टेकला आणि सरकायला जागा उरली नाही.

मार्लिस अकराव्या कपाशी पोचली होती. तिथे मात्र ती गुडघ्यांवर बसली, लहान मुलाशी बोलायला बसतात तशी, आणि हसून म्हणाली, "तू कॉफी नाही ना पीत अजून?"